'मी हात धरला आणि आकडा वाढला'

पत्र असं आहे, थोडं आवरून देते:

"मावशी, माझे मालक ३४ वर्षांचे. गोकुळ शिरगावला फाउंड्रीत आहेत. गेल्या आठवड्यात सेकंड शिफ्ट सुटल्यावर गाडीवरून घरी येत होते. रस्त्याकडेला उसाची ट्रॉली उभी होती, तिला ना दिवा ना रिफ्लेक्टर. त्यावर जाऊन धडकले. त्याच रात्री ऑपरेशन झालं. रक्ताची गाठ काढली आणि कवटीचं हाड काढून पोटात ठेवलंय म्हणतात. आज सहावा दिवस. डोक्यातून एक बारीक तार मॉनिटरला गेलीय, तिथं 'प्रेशर'चा आकडा येतो. काल मला पाच मिनिटं आत सोडलं. मी हात धरला, हाक मारली, तर आकडा १६ वरनं २७ वर गेला. सिस्टरनी लगेच बाहेर जायला सांगितलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. माझ्यामुळं काही झालं का? सासूबाई म्हणतात, 'औषधं देऊन झोपवून ठेवलंय पोराला, उठवा की त्याला.' चुलत दिरांचं मेडिकल आहे, ते विचारतात की सूज उतरायला स्टिरॉइड का देत नाहीत. मामा म्हणतात पुण्याला हलवा. मला एवढंच सांगा, ते पहिल्यासारखे होतील का? – कागल तालुक्यातली एक वाचक.

ता. क. मुलगी पाच वर्षांची आहे. तिला एकदा न्यावं का?"

पोरी, तू मावशी म्हणून लिहिलंस, म्हणून मीही अगं-तुगंच करते.

तुझ्यामुळं काही झालेलं नाही. हे वाक्य दोनदा वाच आणि मग पुढं ये.

माझी सगळी नोकरी आयसीयूत गेली, त्यातली अर्धी डोक्याला मार लागलेल्यांच्या खाटांपाशी. मी डॉक्टर नाही, आणि तुझ्या मालकांची फाईल माझ्यासमोर नाही. त्यामुळं त्यांच्या डॉक्टरांचा शब्द माझ्या शब्दाच्या वर. पण त्या खोलीत काय चाललंय हे सांगायला त्यांना वेळ मिळत नाही. मला आता वेळच वेळ आहे.

चैत्रात जोतिबाला जाणारी एसटी डोळ्यांसमोर आण. दार लावलेलं, पाय ठेवायला जागा नाही. कवटी म्हणजे तशीच गाडी, तिचा पत्रा काही फुगत नाही. आत प्रवासी तीनच: मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. दहातले आठ हिस्से मेंदूचे, उरलेल्यात रक्त आणि पाणी निम्मं-निम्मं. मेंदू सुजला की बाकी दोघांना सरकावं लागतं. आधी पाणी सरकून कण्याकडं उतरतं, मग शिरांमधलं रक्त बाहेर पडतं. ही सरकासरक चालू असते तोवर आकडा फारसा हलत नाही, बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण सरकायला कुणी उरलं नाही की शेवटी एका पोरानं पायरीवर पाय ठेवला तरी सगळी गाडी कळवळते. स्कॉटलंडच्या मन्रो आणि केली या दोन डॉक्टरांनी ही गोष्ट १७८३ आणि १८२४ साली मांडली. आयसीयूतलं सगळं गणित अजून त्यावरच चालतं.

आता तुझा १६ आणि २७. निजलेल्या धडधाकट माणसाच्या डोक्यातला दाब पाऱ्याच्या १५ मिलिमीटरच्या आत असतो. २०१६ साली अमेरिकेत निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत २२ च्या वर गेला की उपचार करा असं म्हटलंय, म्हणून तुझ्या सिस्टरचं लक्ष त्या रेघेवर. पण आम्ही नुसता आकडा बघत नाही, तो वर किती वेळ राहिला ते बघतो. खोकला आला, कफ ओढला, कूस बदलली, व्हेंटिलेटरशी झटापट झाली की आकडा उडी मारतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत खाली येतो. काल तुझ्या हाकेनं चढला असेल, हात हलल्यानं चढला असेल, नाहीतर त्याच क्षणी नळीतल्या कफाचा ठसका लागला असेल. सिस्टरनी तुला बाहेर काढलं ते त्यांना दोन हात मोकळे हवे होते म्हणून. आज गेलीस की त्यांना विचार, "काल मी गेल्यावर किती वेळात उतरला?" मला वाटतं उत्तर ऐकून तुला झोप लागेल.

उशीची एक गोष्ट सांगते. एका म्हातारीच्या मुलानं आईसाठी घरून सावरीची उशी आणली होती. मी शेजारच्या खाटेवर औषध भरत होते. तेवढ्यात त्यानं मोठ्या मायेनं ती उशी आईच्या डोक्याखाली सरकवली. हनुवटी छातीला टेकली. १४ चा आकडा बघता बघता ३० झाला, अलार्म वाजायला लागला. मी उशी काढली. नाक, हनुवटी, बेंबी एका रेषेत आणली, गळ्याभोवतीची नळीची पट्टी जरा सैल केली आणि घड्याळाकडं बघत उभी राहिले. चौथ्या मिनिटाला १७. एक थेंब औषध लागलं नाही. मानेतल्या शिरा दबल्या की डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही, एवढंच झालं होतं. मी त्या पोरावर ओरडले, पण खरी चूक माझी. आत सोडताना त्याला काही सांगितलंच नव्हतं.

म्हणून तुझ्या मालकांची खाट डोक्याकडून तीसेक अंश उचललेली दिसेल, डोक्याखाली उशी दिसणार नाही आणि मान सरळ असेल. "नीट झोपवलं पण नाही" असं कुणी म्हणालं तर सांग की हेच पहिलं औषध आहे. खाटेचा दांडा मात्र आपल्या हातानं फिरवू नकोस. काही पेशंटच्या डोक्यातून पाणी काढणारी नळी असते, तिची पातळी कानाच्या उंचीशी जुळवलेली असते. खाट वर-खाली झाली की पाणी नको तेवढं वाहतं किंवा थांबतं.

सासूबाईंना हे वाचून दाखव. मालकांच्या झोपेत दोन झोपा मिसळल्यात, एक माराची आणि एक औषधाची. औषधाची झोप मुद्दाम दिलेली आहे. जागा मेंदू जास्त रक्त मागतो, दुखलं की तडफडतो, घशातल्या नळीला खोकतो, आणि भरलेल्या गाडीत तेवढीसुद्धा जागा नाही. तापाचंही तसंच. अंगात एक डिग्री चढली तरी मेंदूची भूक वाढते, म्हणून सिस्टर ताप चढू देत नाहीत. उठवायची वेळ आली की डॉक्टर स्वतःच औषध कमी करून बघतील, डोळे उघडतात का, सांगितल्यावर बोट दाबतात का. आधी अधूनमधून तेवढ्यापुरतं बघतीलही. पण गालावर चापट्या मारून, कानात ओरडून उठवायचं हे दिवस नाहीत. तळपायाला खोबरेल चोळायचं म्हणाल्या असतील तर ते महिनाभरानं, तेव्हा पोटभर चोळू देत. अंगारा कपाळाला नको, तिथं टाके आहेत. उशाखाली ठेवावा तर उशीच नाही. पुडी बांधून खाटेच्या पायथ्याला ठेवायला कुठली सिस्टर नाही म्हणत नाही, मी तरी कधी म्हटलं नाही.

आणखी एक गोष्ट कुणीतरी बोलेलच: "बीपी वाढवायचं औषध चालू आहे, डोक्यात रक्तस्राव झाला असताना?" आपल्याकडं उन्हाळ्यात नळाला प्रेशर नसलं की तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, तसं आहे ते. अंगातलं सरासरी बीपी ८५ आणि डोक्यातला दाब २०, तर मेंदूला रक्त पोचवायला उरतात ६५. हा उरलेला आकडा ६० ते ७० च्या दरम्यान ठेवायचा असतो. दाब चढला आणि बीपी पडलं तर दोन्हीकडून मार. शाबूत राहिलेला मेंदूही मग उपाशी मरतो. ट्रॉलीला धडकून जे मेलं ते आता कुणाला परत आणता येत नाही. ही सगळी यंत्रं, नळ्या, रात्रीची जागरणं वाचलेल्या भागाची राखण करायला आहेत. व्हेंटिलेटरही त्यासाठीच. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात, आणि फार कमी झाला तर इतक्या आवळतात की रक्तच पोचत नाही. म्हणून श्वासाचा वेग मोजून-मापून.

मॅनिटॉलचं नाव तू ऐकलं असशील. साखरेच्याच भावकीतला पदार्थ, सुजलेल्या मेंदूतलं पाणी रक्तात ओढून लघवीवाटे काढून टाकतो. थंडीच्या रात्री त्या बाटलीत तळाशी खडीसाखरेसारखे खडे धरतात. आम्ही बाटली कोमट पाण्यात धरायचो, खडे विरघळले का ते दिव्यासमोर उलटी धरून बघायचो, आणि मग जाळीच्या सेटमधून लावायचो. अर्ध्या-पाऊण तासात लघवीची पिशवी फुगायला लागायची. ती फुगलेली पिशवी बघून इतका आनंद होणारी माणसं जगात आम्हीच. त्याऐवजी किंवा जोडीला तीन टक्क्यांचं खारट सलाईनही देतात. दोन्हीला हिशेब लागतो. रक्तातलं सोडियम (म्हणजे मीठ), किडनी, बीपी सारखं तपासावं लागतं, म्हणून दिवसातून चार-चार वेळा रक्त काढतात. "एवढं रक्त काढून अशक्तपणा येईल" म्हणून भांडू नका.

इथंच अळणीचा विषय काढते. कोल्हापुरात माणूस आजारी पडला की तिसऱ्या दिवशी मटणाचं अळणी डब्यातून येतंच, आणि नाकातली नळी दिसली की कुणाला तरी वाटतं, यातून दोन वाट्या सोडाव्या. प्रेम कळतं मला. पण या दिवसांत सोडियम घसरलं तर मेंदू पाणी पितो आणि आणखी सुजतो. म्हणून नळीतून काय जाणार, किती पाणी जाणार, ग्लुकोजचं सलाईन का लावत नाहीत, हे सगळं ठरवलेलं असतं. अळणी बाहेर बाकावर बसलेल्यांनी प्यावं. तू पी. सहा दिवसांत तू नीट जेवली नसशील, हे मला तुझ्या अक्षरावरून दिसतंय.

चुलत दिरांचा प्रश्न अगदीच वेडा नाही. मेंदूतल्या ट्यूमरभोवतीची सूज स्टिरॉइडनं खरंच उतरते, त्यांनी तशा चिठ्ठ्या बघितल्या असतील. डोक्याच्या मारातही पूर्वी सर्रास द्यायचे, मी स्वतः दिलंय. मग क्रॅश नावाची मोठी चाचणी झाली, दहा हजारांवर पेशंट होते तिच्यात. २००४ साली निकाल आला. स्टिरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांत २१ टक्के दगावले, न दिलेल्यांत १८. फायदा सोड, जास्त माणसं गेली. तेव्हापासून बंद. त्यांचे डॉक्टर स्टिरॉइड देत नाहीत ही चांगली खूण समज.

पुण्याचं. कोल्हापूर ते पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. आज, सुजेच्या ऐन दिवसांत, दाब २० च्या आसपास घुटमळत असताना, खड्डे आणि गतिरोधक घेत, रुग्णवाहिकेतल्या ऑक्सिजनवर? डोक्याचा एक तरणा पेशंट नातेवाइकांच्या हट्टानं असा हलवलेला मी बघितलाय. गाडीत त्याला आडवा सपाट टाकला होता आणि सोबत कोण होतं तर वॉर्डबॉय. पुढचं लिहीत नाही. कुठल्या दवाखान्यातून गेला तेही लिहीत नाही. इथं न्यूरोसर्जन नसेल, सीटी स्कॅन नसेल, तर हलवावंच लागतं, आणि पहिल्या तासांतच लागतं. पण तुझ्या मालकांची गाठ त्याच रात्री काढली, तार बसवली, आयसीयूत चोवीस तास माणूस आहे. पुण्यात याहून वेगळं ते आज काय करतील, हे मामांनी डॉक्टरांना समोर बसून विचारावं. आरडाओरडा न करता विचारलं तर डॉक्टर सांगतात. शंका राहिलीच तर रिपोर्ट आणि सीटी पुण्याला पाठवून दुसरं मत घ्या, पेशंट इथंच राहू दे.

आणि ज्यांच्या दवाखान्यात ही तार नाही अशा वाचकांनी घाबरू नये. बोलिव्हिया आणि इक्वेडोरमध्ये ३२४ पेशंटवर केलेला अभ्यास २०१२ साली छापून आला. तार बघून उपचार केलेल्यांत आणि पुन्हा पुन्हा सीटी काढून, डोळ्यांच्या बाहुल्या आणि हालचाल तपासून उपचार केलेल्यांत फारसा फरक निघाला नाही. तार उपयोगी आहेच, पण तासातासाला बॅटरी मारून बाहुली बघणारी सिस्टर तितकीच उपयोगी. एक बाहुली मोठी झाली आणि उजेडाला मिटेना, बीपी चढतंय आणि नाडी मंदावतेय, की आम्ही पळत सुटायचो. मॉनिटर काय म्हणतोय हे नंतर.

पोटात ठेवलेल्या हाडाचं. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्यात नवल नाही. सुजलेल्या मेंदूला जागा करायला गाडीचं छतच उतरवलंय असं समज. हाड पोटाच्या कातडीखाली चरबीत जपून ठेवतात, काही ठिकाणी ते बर्फाहून गार फ्रीजरमध्ये ठेवतात. सूज उतरली, जखम भरली की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत बसवतात. तोवर त्या बाजूला कातडीखाली थेट मेंदू आहे. त्या कुशीवर दाब नको, कुणी कौतुकानं हात फिरवायचा नाही, आणि पुढं उठून चालायला लागले की डोक्याला संरक्षक टोपी. आता तिथं फुगवटा दिसेल, नंतर खड्डा पडेल. दोन्ही बघायची मनाची तयारी ठेव.

येत्या काही दिवसांत डॉक्टर बहुतेक गळ्याला छिद्र पाडायची सही मागतील. घशातली नळी फार दिवस ठेवता येत नाही, म्हणून ते करतात. तब्येत बिघडली असा त्याचा अर्थ नाही. नंतर तो भाग मिटवता येतो.

तुझ्या मोठ्या प्रश्नाला मी उशिरा आले, मुद्दाम. पहिल्यासारखे होतील का, हे सहाव्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. जो छातीठोकपणे "होणार" म्हणतो आणि जो "सोडून द्या" म्हणतो, दोघांचंही ऐकू नकोस. दाब कशानंच उतरत नाही अशा चारशेच्यावर पेशंटवर कवटीचं हाड काढण्याचा एक अभ्यास झाला, २०१६ साली निकाल आला. सहा महिन्यांनी, हाड काढलेल्यांत साधारण २७ टक्के गेले होते, नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांत ४९. म्हणजे जीव खूप वाचले. पण वाचलेल्यांत अंथरुणाला खिळून राहिलेले, पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून असलेलेही जास्त निघाले. तुझ्या मालकांचं हाड गाठ काढताना पहिल्याच रात्री काढलं, त्यामुळं हे आकडे त्यांना जसेच्या तसे चिकटवायचे नाहीत. तुला सांगितलं ते एवढ्यासाठी की जगणं आणि पहिल्यासारखं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि डॉक्टर त्या वेगळ्या बोलतात. तू पण वेगळ्या विचार. वय ३४ ही जमेची बाजू. बाहुल्या पहिल्या दिवशी कशा होत्या, चिमटा काढल्यावर हात कसा हलला, हे विचारून घे, त्यावर बरंच ठरतं. सुधारणेचा खरा अंदाज सहा महिन्यांनी, आणि वर्षभर, त्याच्याही पुढं, काही ना काही परत येत राहतं. जागे होताना शिव्या देतील, नळ्या ओढतील, तुला ओळखणार नाहीत. आयुष्यात कधी आवाज न चढवलेली माणसं मी तेव्हा हात उगारताना बघितलीत. तो मेंदूचा परतीचा रस्ता असतो, बहुतेकांचा जातो निघून.

पैशांचं तू लिहिलं नाहीस, पण मी विचारते. दवाखाना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आहे का? असेल तर आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड, आधार घेऊन आजच जा, डिस्चार्जच्या दिवशी नको. अपघाताची पोलिसांत नोंद झालीय का तेही बघ. ती ट्रॉली कुणाची होती हे पुढं दाव्यात लागेल. दरवर्षी गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या वॉर्डात ट्रॉलीचे पेशंट यायचे, आणि दरवर्षी मला वाटायचं, शंभर-दोनशे रुपयांची लाल पट्टी लावायला कुणाचं काय जातं. असो.

डॉक्टरांशी घरातल्या एकानंच बोलावं, तू किंवा दीर. वहीत रोज तारीख टाकून लिहा: दाब २२ च्या वर किती वेळ राहिला, सोडियम किती, सीटी पुन्हा केला तर काय म्हणाले. दर तासाचा आकडा लिहू नकोस, त्यानं वेड लागायची पाळी येते.

आणि आत जाशील तेव्हा हात जरूर धर. आधी सिस्टरला विचार, कुठला धरू, कारण एका मनगटात बीपीची नळी असते. चोळू नकोस, हलवू नकोस, नुसता हातात हात. हळू आवाजात एकदा नाव घे, तू आलीस म्हणून सांग, घरचं एखादं साधं काही सांग, म्हैस किती दूध देतेय ते सांग. आकडा चढला तर गप्प राहा, तो उतरेपर्यंत हात तसाच असू दे. सिस्टर जा म्हणाल्या तर जा.

मुलीला आता नको. नळ्या, सुजलेले डोळे, अर्धं डोकं भादरलेलं, हे बघून ती घाबरेल आणि तिथं तिला समजावायला कुणी मोकळं नसेल. घशातली नळी निघाली, खोलीत आणलं की ने. तोवर तिचा आवाज मोबाईलवर घे, मिनिटभर, शाळेतलं काहीतरी. बारीक आवाजात एकदाच लाव, आणि लावायच्या आधी सिस्टरला विचार.